नवविद्या आणि नवल : तंजावरच्या मराठी दरबाराची कलादृष्टी

भारतीय साहित्यशास्त्राने विस्मयाला मोठा मान दिला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात अद्भुत हा स्वतंत्र रस असून विस्मय हा त्याचा स्थायिभाव होय. असे असूनही आपल्याकडील कलाचर्चेत ‘परंपरा’ हा शब्द जितक्या आदराने उच्चारला जातो, तितक्या आदराने ‘नवल’ हा शब्द उच्चारला जात नाही. प्रेक्षकाला चकित करणारी, माध्यमाशी आणि रचनेशी खेळणारी कला ही आपल्या काळाची, बहुतांशी पश्चिमेकडून आलेली गोष्ट आहे, असा समज रूढ आहे. जे जुने ते गंभीर आणि जे नवे ते चमत्कृतिपूर्ण, अशी वाटणी करून आपण मोकळे होतो. परंतु आज जी परंपरा म्हणून पूजली जाते ती एके काळी समकालीनच होती. तिच्या पहिल्या प्रेक्षकांनी तिच्याकडे थक्क होऊनच पाहिले असले पाहिजे. याचा विसर पडला की परंपरेतला जिवंत अंश हातून निसटतो आणि साचा तेवढा उरतो.

तंजावरच्या मराठी दरबाराचा इतिहास हा या विधानाचा जणू सप्रयोग पुरावा आहे. १६७६ पासून १८५५ पर्यंत, म्हणजे सुमारे १८० वर्षे, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात भोसले घराण्याची सत्ता होती. या कालखंडातील सर्वांत कल्पक, सर्वांत धीट कलानिर्मिती सत्तेच्या भरभराटीच्या दिवसांत झाली नाही. ती झाली राज्य हातचे गेल्यानंतर. हे असे का झाले, आणि त्या निर्मितीतील नवलाचे स्वरूप नेमके काय होते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम भूमीकडे पाहू. तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना, कुडमुरुट्टी आणि तिरुमलैराजन या कावेरीच्या फाट्यांच्या मुलखात, पापनाशम हे तालुक्याचे गाव लागते. रावणवधानंतर रामाने दोषनिवारणार्थ येथे १०८ शिवलिंगे स्थापिली अशी स्थलपुराणाची कथा असून गावाचे नाव त्या कथेशी जोडले जाते. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाचे पाऊल अडते ते येथील तिरुप्पालैत्तुरैच्या पालैवननाथाच्या देवळाशी असलेल्या धान्यकोठाराजवळ. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, नायक राजांच्या अमदानीत बांधलेले हे विटांचे प्रचंड गोल कोठार वर निमुळते होत जाते. सुमारे ३००० कलम धान्य त्यात मावत असे, असे सांगतात. त्यावर ना शिल्प ना नक्षी. तरीही त्याच्या नुसत्या आकाराने पाहणारा स्तिमित होतो. देवळाच्या आवारात देवाइतकेच अन्नाचे घर मोठे असावे, यात या प्रदेशाचे सारे अर्थशास्त्र आले आहे. तंजावरचे चित्रकार, नर्तकी, पंडित, वैद्य आणि नाटककार या सर्वांचा योगक्षेम याच भातावर चालत होता. म्हणून तंजावरच्या कलेचा विचार करताना राजवाड्याइतकेच पापनाशमच्या कोठाराचेही स्मरण ठेवले पाहिजे. राजाश्रय म्हणजे अखेरीस अशा कोठारांवरची मालकी, आणि ही मालकी गेली तेव्हाच आपल्या कथेतील खरा पेच उभा राहिला.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७६ मध्ये येथे राज्य स्थापिले, तेव्हा त्यांना रिकामी भूमी मिळाली नव्हती. चोळांची मंदिरे, नायकांचे तेलुगू साहित्य, तमिळ भक्तिपरंपरा आणि संस्कृत पंडितांची अग्रहारे अशी एक परिपूर्ण, गजबजलेली संस्कृती तेथे नांदत होती. मराठी ही राज्यकर्त्यांची भाषा असली तरी मुलखाची भाषा नव्हती. अशा ठिकाणी नव्या राज्यकर्त्यांपुढे दोनच सोपे मार्ग असतात: आपले तेच लादणे, किंवा आपले विसरून जाणे. भोसल्यांनी तिसरा, अवघड मार्ग पत्करला. व्यंकोजींचे पुत्र शहाजी (राज्यकाळ १६८४ ते १७१२) यांनी तेलुगूत, संस्कृतात आणि मराठीत रचना केली. त्यांचे ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे मराठी नाटक विष्णुदास भावे यांच्या १८४३ च्या सांगलीच्या प्रयोगाच्या सुमारे दीड शतक आधीचे आहे. त्यांच्याच ‘पंचभाषाविलास’ या नाटकात निरनिराळ्या देशांच्या राजकन्या आपापल्या भाषेत बोलतात. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी या पाच भाषा एकाच रंगमंचावर नांदतात. या नाटकाचे कथानक अगदी ठरीव आहे. परंतु त्यातली योजना विलक्षण आहे. तंजावरच्या रस्त्यावर रोज ऐकू येणारा भाषांचा कल्लोळ नाटककाराने उचलला आणि त्याचीच रचना केली. प्रेक्षकाला रोजचे जगच असे काही मांडून दाखवले की त्याला ते प्रथमच दिसल्यासारखे वाटावे. तंजावरच्या नवलाचे सूत्र येथे प्रथम हाती लागते: साचा ओळखीचा, आशय अनपेक्षित.

हे सूत्र परिपक्व झाले ते दुसऱ्या सरफोजीच्या काळात. १७७७ मध्ये जन्मलेल्या आणि तुळजाराजांनी १७८७ मध्ये दत्तक घेतलेल्या या राजाचे शिक्षण जर्मन मिशनरी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली झाले. १७९८ मध्ये तो गादीवर आला आणि पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १७९९ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीशी झालेल्या तहाने राज्याचा सारा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे तंजावरचा किल्ला, वार्षिक १ लाख होनांची नेमणूक आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. पापनाशमसारख्या तालुक्यातील भाताचा हिशेब आता कंपनीचा कलेक्टर ठेवणार होता. बाविशीतला, इंग्रजी वाचणारा, युरोपातील ज्ञानविज्ञानाचे वारे अंगावर घेतलेला राजा, आणि त्याला राज्य करण्यासाठी उरलेला एक किल्ला! अशा राजाने काय करावे? समकालीन संस्थानिकांपैकी अनेकांनी जे केले ते करायला त्याला कोणी अडवले नसते. त्याने मात्र किल्ल्याच्या तटांत मावेल एवढे एक वेगळे राज्य उभारले. ते ज्ञानाचे, ग्रंथांचे आणि चित्रांचे राज्य होते.

या उद्योगासाठी तंजावरात एक सुंदर शब्द रूढ झाला: ‘नवविद्या’. १८०५ मध्ये स्थापन झालेल्या देवनागरी छापखान्याचे नावच ‘नवविद्याकलानिधी’ होते. इसापाच्या नीतिकथांचे मराठी रूप असलेली ‘बालबोधमुक्तावली’ याच छापखान्यातून बाहेर पडली. मुंबई-पुण्याकडे मराठी मुद्रणाचे युग अद्याप उजाडायचे असताना कावेरीकाठी मराठी मुलांसाठी पुस्तक छापले जात होते. ‘नवविद्या’ या शब्दात नवेपणाविषयी संकोच नाही आणि जुन्याविषयी तुच्छताही नाही. विद्या ती विद्याच. ती फक्त नवी. तंजावरच्या चित्रकलेतही हीच वृत्ती दिसते.

आज ‘तंजावर चित्र’ म्हटले की सोन्याने मढवलेली बाळकृष्णाची गोबरी मूर्ती डोळ्यांपुढे येते. ही शैली इतकी परिचित झाली आहे की तिच्यात काही आश्चर्य होते हे सांगूनही पटू नये. म्हणून तिची कृती क्षणभर नव्याने पाहणे इष्ट ठरेल. फणसाच्या लाकडाच्या फळीवर कापड चिकटवायचे. त्यावर खडूची भुकटी व डिंक यांचा लेप देऊन तो घोटून गुळगुळीत करायचा. मग दागिने, महिरप, खांब, सिंहासन हे भाग त्याच जातीच्या घट्ट लेपाने उठावदार करायचे. त्या उठावात काचा आणि खडे बसवायचे, वर सोन्याचा वर्ख चढवायचा आणि अखेरीस रंगकाम करायचे. म्हणजे हे चित्र अर्धे शिल्प आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात सोनाराचाही वाटा आहे. चित्र, मूर्ती आणि अलंकार या तीन वेगळ्या कारागिरींच्या सीमा त्यात मोडल्या गेल्या. तेलुगू मुलखातून आलेल्या राजू आणि नायडू घराण्यांतील चित्रकारांनी मराठी राजांच्या आश्रयाने, तमिळ भाविकांसाठी हा प्रयोग केला. देवघराच्या अंधारात समईची ज्योत हलली की उठावावरचा वर्ख हलत्या उजेडाने जागा होतो आणि देव क्षणभर जिवंत वाटतो. ज्या उजेडात चित्र पाहिले जाणार त्या उजेडाचाच चित्रकाराने येथे रंगासारखा वापर केला आहे. आजच्या कलादालनात पांढऱ्या दिव्यांखाली हेच चित्र भडक वाटते, याचा दोष चित्रकाराकडे नाही.

याच सुमारास तंजावरात काचेवरील चित्रेही लोकप्रिय झाली. चीन आणि युरोपातून आलेले हे तंत्र मोठे अवघड आहे. काचेच्या मागच्या बाजूने चित्र काढायचे आणि पुढच्या बाजूने ते पाहायचे. म्हणून चित्रकाराला सारा क्रम उलटा करावा लागतो: नेहमीच्या चित्रात सर्वांत शेवटी येणारे डोळ्यांचे बुबुळ, मोत्याचा ठिपका, वस्त्राची किनार येथे सर्वांत आधी, मग अंगाचा रंग, आणि पार्श्वभूमी सर्वांत शेवटी. डावे उजवे होते, चूक झाकण्याची सोय नसते. तंजावरच्या कारागिरांनी या परक्या तंत्रात आपले देव बसवले. हातातले काम उलट्या क्रमाने विचारात आणण्याची ही सवय केवळ हस्तकौशल्याची नव्हे. तिच्यामागे बुद्धीची लवचिकता आहे.

परंतु चित्र हे केवळ पूजेसाठी किंवा शोभेसाठी आहे, ही मर्यादाच सरफोजीच्या दरबाराने ओलांडली. कंपनीच्या अधिकाऱ्यांसाठी तंजावरचे चित्रकार निरनिराळ्या जाती आणि व्यवसायांच्या जोडप्यांची चित्रे कागदावर जलरंगांत काढीत होतेच. सरफोजीने पक्षी, प्राणी आणि वनस्पती यांची निरीक्षणपूर्वक काढलेली चित्रे करवून घेतली. त्याच्या धन्वंतरी महालात भारतीय आणि युरोपीय वैद्यकाचा एकत्र अभ्यास चाले. तेथे नेत्ररोगांवर उपचार केलेल्या रोग्यांची टिपणे ठेवली जात, आणि त्या टिपणांत रोग्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत. ही पाने सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपलेली आहेत. ज्या नगरीत देवाच्या डोळ्यांत शेवटचा रंग भरणे हा चित्र पूर्ण करण्याचा मंगल क्षण, त्याच नगरीत मोतीबिंदूने झाकोळलेला एका सामान्य रोग्याचा डोळा तितक्याच एकाग्रतेने रंगवला गेला. देवाचा डोळा भक्ताकडे पाहतो. या डोळ्याला काहीच दिसत नाही, म्हणून चित्रकार त्याच्याकडे पाहतो. तंजावरच्या साऱ्या सुवर्णचित्रांपेक्षा मला ही साधी पाने अधिक विस्मयकारक वाटतात. सामान्य माणसाचे दुखणे येथे चित्राचा विषय झाले, आणि तेही करुणेच्या नुसत्या उमाळ्यातून नव्हे, उपचाराच्या हेतूने.

याच ग्रंथालयात आणखी एक चमत्कारिक चित्रमालिका आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारातील चित्रकार शार्ल ल ब्रँ याने माणसांचे चेहरे आणि पशुपक्ष्यांची मुखे यांतील साम्य दाखवणारी चित्रे काढली होती. घुबडासारखा माणूस, बोकडासारखा माणूस अशी ती गमतीची आणि थोडी अस्वस्थ करणारी मांडणी आहे. ती तंजावरपर्यंत पोचली, आणि गजशास्त्र व अश्वशास्त्रावरील सचित्र पोथ्यांच्या शेजारी येऊन बसली. हत्तीच्या आणि घोड्याच्या अंगलक्षणांवरून त्यांचा स्वभाव ओळखणारे शास्त्र ज्यांना ठाऊक होते, त्यांना माणसाच्या मुखावरून पशू ओळखणारे हे फ्रेंच शास्त्र अगदीच परके वाटले नसावे. येथेही पुन्हा तेच सूत्र: अनोळखी वस्तू ओळखीच्या खणात ठेवून पाहणे.

राजाने स्वतःकडेही याच कुतूहलाने पाहिले. गुरू श्वार्ट्झ १७९८ मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांच्या स्मारकाचे काम सरफोजीने लंडनचे विख्यात शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडे सोपवले. तंजावरच्या शिवगंगा बागेतील चर्चमध्ये असलेल्या त्या संगमरवरी शिल्पपटात मृत्युशय्येवरील श्वार्ट्झ आणि त्यांच्यापाशी उभा असलेला सरफोजी दिसतो. हिंदू राजाने ख्रिस्ती गुरूसाठी, इंग्रज शिल्पकाराकडून, ग्रीक वळणाच्या शैलीत घडवलेले हे स्मारक आहे. फ्लॅक्समनने तंजावर कधी पाहिले नव्हते. सरफोजीचा हात जोडून उभा असलेला पूर्णाकृती संगमरवरी पुतळाही त्याचाच. तो राजवाड्याच्या दरबार दालनात आहे. राजाच्या पुतळ्याने शस्त्र धरावे, घोड्यावर बसावे, हा जगभरचा संकेत. येथे राजा नमस्कार करतो आहे. सत्ता गमावलेल्या राजाची ही प्रतिमा दीन वाटत नाही, तशी गर्विष्ठही वाटत नाही. आपण कोण उरलो आहोत हे नेमके ओळखणाऱ्या माणसाची ती प्रतिमा आहे.

या साऱ्या उद्योगाचे शिखर मात्र एका नाट्यरचनेत आहे. कुरवंजी हा तमिळ मुलखातील लोकप्रिय नृत्यनाट्यप्रकार. प्रियकराच्या विरहाने व्याकूळ झालेली नायिका असते; डोंगरातली भटकी कुरवंजी येते, आपल्या डोंगराचे आणि पायाखाली घातलेल्या देशांचे वर्णन करते, नायिकेचा हात पाहून भविष्य सांगते आणि मीलन घडते. सरफोजीच्या गौरवार्थ कोट्टैयूर शिवक्कोळुंदु देशिकर यांनी तमिळमध्ये ‘शरभेंद्रभूपाल कुरवंजी’ रचली, आणि ती बृहदीश्वराच्या देवळात सादर होत असे. खुद्द सरफोजीने मराठीत ‘देवेंद्रकुरवंजी’ लिहिली. तिची नायिका इंद्राणी. कुरवंजी तिच्यापुढे येते आणि संकेताप्रमाणे पाहिलेल्या देशांचे वर्णन करू लागते. पण ती सांगते ते मेरूपर्वत आणि सप्तसमुद्र यांचे पुराणोक्त भुवनवर्णन नव्हे. ती युरोप, आशिया, आफ्रिका आणि अमेरिका या खंडांचे वर्णन करते. देश, नद्या, सागर सांगते. भविष्य सांगणारी भटकी बाई अर्वाचीन भूगोलाचा पाठ देते, आणि तो ऐकते ती स्वर्गाची राणी!

मराठी वाचकाला ही युक्ती ओळखीची वाटेल. एकनाथांच्या भारुडात जोशी दारोदार भविष्य सांगत येतो आणि भविष्याच्या मिषाने अध्यात्म सांगून जातो. रस्त्यावरच्या माणसाच्या तोंडी शास्त्र घालण्याची रीत मराठी मनाला नवी नाही. सरफोजीने तीच रीत तमिळ नृत्यनाट्याच्या घाटात आणली आणि अध्यात्माच्या जागी पृथ्वीचा गोल ठेवला. एका रचनेत तीन परंपरा अशा सहज गुंफल्या जाव्यात आणि कोणतीही उपरी वाटू नये, हे खरे कल्पकतेचे लक्षण होय. आणखीही एक गोष्ट लक्षात येते. ज्या राजाची हुकमत किल्ल्याच्या तटापाशी संपत होती, त्याने आपल्या भाषेत साऱ्या पृथ्वीचे वर्णन केले. यात वेदना आहे की विजय, हे ज्याने त्याने ठरवावे. माझ्या मते दोन्ही आहेत.

दरबारातील हे नवल बाजारातही उतरले. पितळी तबकावर तांब्याचे आणि चांदीचे उठाव बसवून केलेले तंजावरी तबक सरफोजीच्या इच्छेतून जन्मले असे कारागीर सांगतात. मान डोलावणारी बाहुली ही तंजावरची दुसरी प्रसिद्ध वस्तू. मस्तक, धड आणि घागरा हे भाग सुटे असून ते एकमेकांवर तोलून ठेवलेले असतात. हलका धक्का लागला की नर्तिकेचे सारे अंग निरनिराळ्या लयींत डोलू लागते. राजा-राणीच्या बाहुल्यांचे बूड गोल आणि जड असते, वरचा भाग पोकळ आणि हलका. आडवी केलेली बाहुली डुलत डुलत पुन्हा उभी राहते. गुरुत्वमध्याचा हा नियम कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा ती मुलाला लवकर शिकवते. नवरात्रात घरोघर मांडल्या जाणाऱ्या बाहुल्यांच्या पायऱ्यांवर हे राजे-राण्या दिसतात. पाडले तरी न पडणारा राजा ही कल्पना तंजावरसारख्या नगरीत लोकप्रिय व्हावी, यात इतिहासाची थोडी थट्टा आणि थोडी समजूतही आहे.

या कलेच्या मर्यादेकडे डोळेझाक करून मात्र चालणार नाही. समुद्रकाठी शरभेंद्रराजपट्टणम येथे सरफोजीने १८१४-१५ च्या सुमारास आठ मजल्यांचा षट्कोनी मनोरा उभारला. मराठी ‘मनोरा’ हा शब्दच पुढे ‘मनोरा’ म्हणून त्या स्थळाचे तमिळ नाव झाला. ही वास्तू देखणी आणि नवलाची आहे. परंतु तिचे निमित्त होते नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेला विजय. ज्यांनी राज्य घेतले त्यांच्या यशाचा स्तंभ ज्याचे राज्य गेले त्याने उभारावा! हा मुत्सद्दीपणा होता, कृतज्ञता होती की अगतिकता होती, याचा निवाडा काहीही केला तरी एवढे उघड आहे की सरफोजीच्या नवविद्येला कंपनीच्या मर्जीची चौकट होती. त्याचे जग विस्तीर्ण होते, पण त्याचे दार दुसऱ्याच्या हातात होते. १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर त्याने भोसले वंशाचे चरित्र मराठीत, देवनागरी लिपीत कोरविले. राजराज चोळाच्या तमिळ लेखांनी भरलेल्या देवळात हा प्रदीर्घ मराठी लेख वाचू शकणारे किती जण असतील? आपल्या घराण्याची कथा कागदावर सुरक्षित राहील, याचा भरवसा उरलेला नाही असे वाटल्यावाचून कोणी ती दगडावर लिहीत नाही. मनोरा आणि शिलालेख यांच्यामध्ये अवघे बारा वर्षांचे अंतर आहे. दोन्ही एकत्र ठेवून पाहिल्याखेरीज हा राजा समजत नाही.

येथवर पाहिलेले नवल हे नव्या आशयाचे होते. त्याची दुसरी बाजू समजण्यासाठी पुन्हा पापनाशम तालुक्यात यावे लागते. याच तालुक्यातील मेलट्टूर हे गाव नायक राजांनी अग्रहार म्हणून दिले. तेथे भागवतमेळ्याची परंपरा रुजली आणि मराठी राजांच्या काळात ती बहरली. सरफोजीच्या पिढीच्या मागेपुढे होऊन गेलेले मेलट्टूर वेंकटराम शास्त्री यांनी तेलुगूत रचलेली नृत्यनाट्ये तेथे सादर होतात. नृसिंहजयंतीच्या सुमारास ‘प्रल्हादचरित्र’ रात्रभर चालते. सारे नट पुरुष. प्रारंभी विदूषक येतो, गणपतीचा मुखवटा घातलेला मुलगा येतो. आपल्या दशावताराचा किंवा बोहाड्याचा प्रेक्षक तेथे गेला तर त्याला घरी आल्यासारखे वाटेल. पहाटेच्या सुमारास खांबातून नरसिंह प्रकटतो. ही भूमिका करणारा नट उपवास करतो; तो मुखवटा पूजेचा असतो; तो चढवल्यावर नटाचा आवेश अनावर होईल या भयाने त्याला माणसे धरून ठेवतात.

येथे नवे काहीच नाही. नरसिंह येणार हे पाळण्यातल्या मुलालाही ठाऊक असते. तरीही तो येतो तेव्हा अंगावर काटा उभा राहतो. म्हणजे विस्मय हा माहितीच्या अभावातून जन्मतो असे नव्हे. अपेक्षा पूर्णपणे तयार असते, म्हणूनच तिची पूर्ती इतकी विलक्षण वाटते. ‘देवेंद्रकुरवंजी’ आणि ‘प्रल्हादचरित्र’ या दोन टोकांच्या रचना एकाच मुलखात, जवळजवळ एकाच काळात वाढल्या. पहिलीत साचा जुना आणि आशय नवा; दुसरीत साचा आणि आशय दोन्ही जुने, नवा तो फक्त क्षण. दोहोंना आवश्यक होता तो साचा ओळखणारा प्रेक्षक. कुरवंजीचे संकेत ज्याला ठाऊक नाहीत, त्याला तिने सांगितलेल्या भूगोलात काय मौज वाटणार? नवल हे कलाकृतीत नसते. ते कलाकृती आणि जाणता प्रेक्षक यांच्यामध्ये घडते.

हा प्रेक्षकच पुढे विरळ होत गेला. सरफोजी १८३२ मध्ये निवर्तला. त्याचा पुत्र दुसरा शिवाजी १८५५ मध्ये पुत्रसंतानावाचून मरण पावला आणि कंपनीने गादी खालसा केली. राणी कामाक्षीबाईंनी दिलेला लढा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १८५९ मध्ये तेथे तो हरला. दरबारातील चित्रकार, वैद्य, नाटककार यांची एकमेकांशी चालणारी देवाणघेवाण थांबली. कलेचे सुटे सुटे तुकडे टिकले. चित्रे बाजारात आली आणि ग्राहकाला जे ओळखीचे वाटे तेच पुन्हा पुन्हा काढले जाऊ लागले. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत शिळाछाप छापखाना काढला आणि देवांची छापील चित्रे घरोघर पोचली. तमिळ घरांतील स्त्रियांनी त्या छापील चित्रांवर जर आणि टिकल्या चिकटवून त्यांना पुन्हा तंजावरी थाट दिला, ही या परंपरेची शेवटची उत्स्फूर्त कल्पकता म्हणता येईल. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरच्या चित्रांना आणि बाहुल्यांना भौगोलिक निर्देशनाचे कायदेशीर संरक्षण मिळाले. कारागिरांच्या पोटासाठी ते आवश्यकच आहे. परंतु कायदा साच्याचे रक्षण करू शकतो. साच्यात अनपेक्षित काही घालण्याचे धैर्य तो देऊ शकत नाही.

सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ मध्ये जनतेसाठी खुले झाले. तेथील मराठी हस्तलिखिते आणि दरबाराचे मोडी कागद यांचा मोठा साठा अभ्यासकांची वाट पाहत आहे. मोडी वाचणारे, मराठी जाणणारे आणि त्याबरोबर तमिळ-तेलुगू समजणारे अभ्यासक घडविणे हे काम आता एका भाषेच्या आवाक्यातले राहिलेले नाही. आपण महाराष्ट्रातले वाचक तंजावरकडे बहुधा दूर गेलेल्या भावाच्या घराकडे पाहावे तसे पाहतो; तेथे आपले काय उरले आहे, याचीच चौकशी करतो. ही चौकशी अपुरी आहे. तंजावरच्या मराठीने महाराष्ट्राचे जतन करून ठेवले, हे तिचे लहान श्रेय. परक्या मुलखात, परक्या घाटांत, गेलेल्या राज्याच्या सावलीत तिने जे कधीच कोणी केले नव्हते ते करून पाहिले, हे तिचे मोठे श्रेय होय. पापनाशमच्या कोठारातील भाताचे मालक बदलले, तरी त्या भातावर पोसलेली ही जिज्ञासा कोणाला खालसा करता आली नाही. ती खालसा होऊ शकते एकाच मार्गाने: तिला परंपरा म्हणून नमस्कार करून, तिच्यातले नवल पाहण्याचे आपण सोडून दिले तर.